ऑस्ट्रेलियाचं एकच दार

लता परबच्या घरात जेवणाचं टेबल आहे, पण त्यावर कोणी जेवत नाही. त्यावर जग मांडलेलं असतं. जेवायचं झालं तर ताट मांडीवर घ्यायचं आणि पाण्याचा तांब्या खाली जमिनीवर ठेवायचा, कारण पटावर थेंब जरी पडला तरी लता आपल्याला गोराईच्या खाडीत नेऊन बुडवील. मी तिची समोरच्या दारची शेजारीण, नंदा गायकवाड, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. त्या जगाचा तिसरा हिस्सा माझा आहे. मला कोणी विचारलं नव्हतं. दोघांत खेळ रंगत नाही म्हणून, साखर मागायला गेलेल्या मला लताने एका दुपारी खुर्चीत बसवलं. तेव्हापासून रोज दुपारी मी तिथेच असते.

खेळाचं नाव रिस्क. जगाचा नकाशा, प्रत्येकाचं एका रंगाचं सैन्य, फासे टाकायचे आणि दुसऱ्याचे प्रदेश घ्यायचे. हल्ली तो प्लास्टिकच्या सैनिकांसकट दुकानात मिळतो. लताकडचा मात्र अगदी सुरुवातीच्या आवृत्तीतला. सैन्य म्हणजे लाकडाचे ठोकळे, पट जाड पुठ्ठ्याचा, रंग जरा उडालेले. लता टेलिफोन ऑपरेटर होती. एक्स्चेंजमध्ये दुपारच्या सुट्टीत ऑपरेटर बायका हा खेळ खेळायच्या, तिथे तिला त्याची चटक लागली. बाईने जन्मभर लोकांना परदेश जोडून दिला आणि स्वतः गेली ती फार तर वेंगुर्ल्यापर्यंत, सासरी.

हा जुना सेट तिला गोराईला मिळाला. एक ख्रिस्ती कुटुंब घर रिकामं करत होतं, माळ्यावरून खोकं निघालं, आणि लताने ते भांड्याकुंड्यांच्या ढिगातून ओळखलं. सगळं होतं, फक्त पिवळ्या सैन्यातला एक ठोकळा कमी होता. आता एक ठोकळा! मी असते तर शर्टाचं बटण ठेवून खेळले असते. लता नाही. तिने त्या घरची माणसं कुठे कुठे पांगली ते शोधलं, भंगारवाले पालथे घातले, आणि शेवटी त्याच कुटुंबाच्या मनोरीतल्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईकडे, बटणांच्या डब्यात, तो ठोकळा सापडला. इतरांपेक्षा किंचित गडद, कारण त्याने ऊन पाहिलं नव्हतं.

तो ठोकळा आणायला लता मार्वेहून होडीने मनोरीला गेली त्या दिवशी बाळाभाऊ न्हाणीघरात पडले.

बाळाभाऊ म्हणजे लताचे यजमान. बंदरात क्रेन चालवायचे. दांडगा माणूस, मोठा आवाज, सोसायटीच्या सत्यनारायणाला नारळ फोडायला यांनाच बोलवायचे. त्या दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी शाळेत होते, घराला आतून कडी होती. दिवसभर ते ओल्या फरशीवर पडून होते. हाका मारत होते, पण जीभ जड झालेली. संध्याकाळी लता रुमालाच्या गाठीत ठोकळा बांधून, खुशीत जिना चढून आली आणि तिने बेल वाजवली.

त्या दिवसानंतर लता बिल्डिंगच्या फाटकापलीकडे गेलेली नाही. भाजी खिडकीतून टोपली सोडून घेते, औषधं दुकानाचा माणूस आणून देतो. भाऊंचा उजवा हात गेला, डावा चालतो. बोलणं परत आलं, जरा अडखळत. मी किती वेळा म्हटलं, "अगं, मी बसते ना त्यांच्यापाशी, तू जरा समुद्रावर जाऊन ये." तर म्हणते, "नको गं. मी गेले होते ना एकदा." असं म्हणाली की मला तिची चीडही येते आणि कीवही.

अशात गणपतीच्या आसपास वांद्र्याहून फोन आला. निलेश नावाचा एक मुलगा, जुने पटाचे खेळ जमवणाऱ्यांच्या मंडळातला. लताच्या भाचीने इंटरनेटवर कुठेतरी टाकलेला सेटचा फोटो त्याने पाहिला होता. "मावशी, दिवाळीनंतर आम्ही सगळे एका रविवारी जमतोय. तुम्ही सेट घेऊन या ना प्लीज. लाकडी सैन्याने आमच्यातलं कोणीच खेळलेलं नाहीये. आणि तुमच्याशी खेळायचंय आम्हाला." लताने फोन स्पीकरवर ठेवला होता. तिचा चेहरा मी पाहिला. तिच्याशी खेळायचंय असं आमच्याशिवाय तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

भाऊंनीही तो चेहरा पाहिला.

आता इथे परबांची एक रीत सांगायला हवी. डाव सुरू करण्याआधी भाऊ गाऱ्हाणं घालतात. कोकणात शुभकार्याआधी देवाला घालतात तसं, मोठ्याने, एकेक वाक्य तोडून. आणि प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आम्ही बौद्ध, आमच्यात हे नाही, म्हणून मी गप्प बसून फासे पुसते. लता मात्र लग्न झाल्यापासून व्हय म्हाराजा म्हणत आली आहे. तोंडात इतकं बसलंय की वाक्य संपायच्या आत तिचं उत्तर तयार असतं.

फोन आल्यावर दुसऱ्या दिवशी नवा डाव मांडला. भाऊंनी डावा हात कपाळाला लावला. "बा देवा रवळनाथा..."

"व्हय म्हाराजा."

"तुझ्या लेकरांनी आज ह्यो डाव मांडल्यानी हा, तो गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्यो डाव पुरो होयसर ह्या घरातल्या माणसाक उंबरठ्याभायर पाय टाकूक दिव नको."

"व्हय म्हाराजा," लता म्हणाली, आणि मग तिचा हात हवेतच थांबला.

डाव पूर्ण होईपर्यंत घराबाहेर पाऊल नाही. देवासमोर बोलली होती. मी फासे खाली ठेवले. "भाऊ, ही काय लबाडी? आणि लता, तोंडातून गेलं म्हणून काय झालं? मी ऐकलंच नाही असं समज."

"तू ऐकलं नसशील," लता म्हणाली. "ज्याला सांगितलं त्याने ऐकलं ना."

मग तिने पदर खोचला. डाव संपवायचा, एवढाच मार्ग होता. लता काय खेळते म्हणता! महिन्याभरात तिने माझा आशिया धुऊन नेला, मला आशियाच्या कोपऱ्यातल्या कामचाटकात एका ठोकळ्यावर उभं ठेवलं, ते दया म्हणून. पण भाऊ ऑस्ट्रेलियात जाऊन बसले होते. या नकाशावर ऑस्ट्रेलियाला आत जायला एकच वाट आहे, इंडोनेशियातून. तिथे त्यांनी पिवळ्या ठोकळ्यांची रास लावली आणि ते हल्ला करेनात. लताने हल्ला केला की ज्याच्यावर हल्ला झाला त्यानेही फासे टाकायचे असतात. तेव्हा भाऊंचा हात चादरीखाली जायचा.

"आज हात दुखता."

"कालही दुखत होता," मी म्हणायचे.

"आजपण दुखता."

दुसऱ्याच्या फाशांना आणि ठोकळ्यांना हात लावायचा नाही, हा लताचाच नियम. तो मोडणं तिला जमेना. रोज दुपारी ती हल्ला जाहीर करायची, भाऊ हात लपवायचे, आणि जग तसंच राहायचं. दिवाळी झाली. लता खिडकीच्या ग्रीलला धरून उभी राहायला लागली. खाली रिक्षा वळताना बघायची. एकदा मला म्हणाली, "नंदा, मला इथे श्वास पुरत नाही गं. आणि हे मी त्यांना सांगू शकत नाही. सांगितलं तर ते म्हणणार, जा. आणि मग मी त्यांच्या काळजीने जिन्यातच मरेन."

मी बाई तोंडाळ. दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर मी भाऊंना गाठलं. "कोंडून ठेवलंय तुम्ही तिला. बरं दिसतं का हे?"

"माका भय वाटता गो," ते म्हणाले. "ती भायर गेली ना, की ती लादी परत गालाक लागता. थंडगार. मी हाका मारतंय, आणि माझोच आवाज माका ऐकाक येणा नाय." मग म्हणाले, "ती येतली ह्या माका ठावक आसा. पण लादीक ठावक नाय."

भांडायला गेले होते, त्यांचं पांघरूण सारखं करून आले.

तो रविवार उजाडला. मी गेले तर लता नेसून तयार, हिरवी नारायणपेठ, केसात अबोलीचा वळेसर. पण टेबलावर जग तसंच. भाऊ खुर्चीत, हात चादरीखाली. निलेशचा फोन येऊन गेला होता, ते सगळे वाट बघत होते.

लता पटासमोर उभी राहिली आणि तिने हात जोडले. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं, बाईने घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. भाऊंनीही नसावं.

"बा देवा रवळनाथा," लता म्हणाली. "आमी मांडलेलो डाव तुया बघितलंस."

कोणी उत्तर दिलं नाही.

"एक माणूस भियान घरात बसलो. दुसरा माणूस तेच्या भयान बसला. दोघांचाय चुकला आसात तर पदरात घे."

माझ्या जिभेवर व्हय म्हाराजा आलं होतं. मी जीभ चावली. ते उत्तर माझं नव्हतं.

"ह्यो डाव हयसरच पुरो झालो, असा मानून घे. आणि भायर जाणाऱ्या माणसाक सुखरूप घराक हाड."

लता थांबली. पंखा फिरत होता, खाली कोणीतरी गाडी धूत होतं. भाऊंचं तोंड वाकडं झालं, उघडलं, मिटलं. मला वाटलं, झालं, आजही हात दुखणार.

"व्हय," भाऊ म्हणाले. मग जोर लावून, "व्हय म्हाराजा."

लता मटकन खुर्चीत बसली आणि रडली. मीही रडले, उगाच नाही म्हणत नाही. मग आम्ही दोघींनी आपापलं सैन्य गोळा केलं. माझा तर एकच ठोकळा. उरला ऑस्ट्रेलिया. त्याला आम्ही हात लावला नाही. भाऊंनी चादरीतून डावा हात काढला आणि एकेक पिवळा ठोकळा उचलून खोक्यात टाकायला सुरुवात केली. फार वेळ लागला. लता उभी राहून बघत होती, घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

दारात तिने सवयीने खोकं उघडून मोजलं. ती नेहमी मोजते. पिवळ्यांपाशी तिचं बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. एक कमी होता. तिने वळून भाऊंकडे पाहिलं. त्यांची मूठ मांडीवर घट्ट मिटलेली होती. ज्या बाईने एका ठोकळ्यापायी खाडी ओलांडली होती ती आता काय करते, म्हणून मी बघत राहिले. लताने झाकण लावलं, चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली.

दुपारी मी चहा केला. कप पुढे धरला तर भाऊ हात उघडेनात. चालणारा हात तेवढा एकच, आणि त्याची मूठ.

"भाऊ, ते खाली ठेवा आणि कप धरा."

त्यांनी मान हलवली. बोटांच्या फटीतून मला जरा रंग दिसला. तो गडद होता, मनोरीचा. मी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली.

"तिका कळला काय गो?" त्यांनी विचारलं.

"दारातच कळलं."

"आणि तरी गेली?"

"तरी गेली."

"मगे येतली," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी बशीसाठी तोंड उघडलं.