विस्बीत सापडलेला दादा

माझा थोरला भाऊ लग्नानंतर वर्षभरातच मुंबईहून बोटीवर खलाशी म्हणून गेला. मग दुसरी जागतिक लढाई लागली. ती संपल्यावर त्याचं एकच पत्र आलं, स्वीडनच्या एका बेटावरच्या विस्बी नावाच्या गावाहून: बरा आहे. पुढं सात वर्षं काही नाही. वहिनी गावी, रिठदला आमच्याच घरी राहिली. मी वाशीमला एका सहकारी संस्थेत कारकून होतो. संस्थेनं मला स्टॉकहोमला शिकायला पाठवलं, तेव्हा वहिनी एवढंच म्हणाली, "भाऊजी, त्यायले घेऊनच या."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी विस्बीला उतरलो. गावाभोवती दगडी तट, आत छपरं गेलेली जुनी चर्चं, थंडीतही दारोदारी गुलाब. एरवी डोळे भरून पाहिलं असतं. पत्ता दाखवायची गरजच पडली नाही. माझा रंग पाहून धक्क्यावरच्या माणसानं चढावरच्या घराकडे बोट केलं.

दार दादानंच उघडलं. मागे एक गोरी बाई, तिच्या कडेवर पोर. त्यानं मला ओळखलं, पण आत बोलावलं नाही. कोट चढवून बाहेर आला.

तटाच्या कडेनं आम्ही तासभर चाललो. त्याला आपली बोली आठवून आठवून बोलावी लागत होती. वहिनीचं त्यानं विचारलंच नाही. शेवटी मीच म्हणालो, तिला काय सांगू?

"मेला म्हून सांग. मोकळी होईन ती."

मला त्याची शिसारी आली. निरोप न घेता मी बोटीकडे वळलो.

रिठदला पोचलो तेव्हा वहिनी अंगणात तूर पाखडत होती. मला पाहून तिचे हात थांबले. तिचं कुंकू आपल्या तोंडानं पुसायचं धैर्य मला झालं नाही, खरं सांगायचंही झालं नाही. म्हणालो, दादा सापडला नाही.

सूप पुन्हा हातात घेत ती म्हणाली, "नीट शोधलं नसन तुमी. पुढच्या खेपेले मले न्या संगं."

दोन वर्षांनी तिच्या माहेरचे पाट लावायचं म्हणत आले. एक चांगला माणूस तयार होता. तिनं त्यांना चहा दिला आणि सांगितलं, भाऊजी शोधून राह्यले. मी शेजारीच बसलो होतो. तेव्हाही मी बोललो नाही.