गॅलरीतल्या मंगलाताई

मंगलाताई देशमाने काउन्सिलच्या बैठकीला अशा निघायच्या, जणू घरचंच कार्य आहे. इरकली साडी, ठसठशीत कुंकू, पायात मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज आणि चेहऱ्यावर वरमाईचा आनंद. टोकियोतल्या आमच्या वॉर्डाला स्वतःची निवडलेली काउन्सिल आहे आणि तिचं कामकाज वरच्या गॅलरीत बसून कुणालाही पाहता येतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तोवर वॉर्ड ऑफिस म्हणजे पत्ता बदलला की जायची जागा, एवढीच माझी समजूत होती.

त्या आमच्याच इमारतीत, मुलाकडे राहत. मुलगा संशोधक, दिवसभर प्रयोगशाळेत. ताईंचे वडील कऱ्हाडला नगरसेवक होते, त्यामुळे नळ, गटार, दिवाबत्ती या विषयांवर त्या लहानपणापासून पोसलेल्या. इथे आल्यावर पंच्याहत्तरीच्या एका शेजारीणबाईंकडून त्या हट्टाने जपानी शिकल्या. कशासाठी? तर गॅलरीत बसून खालचं बोलणं कळावं म्हणून!

एकदा मला सोबत ओढून नेलं. खाली एक सदस्य व्यासपीठावर येऊन वाकले, मग अध्यक्षांचे आभार, मग नागरिकांचे, मग ऋतूचं वर्णन. मी कंटाळून म्हटलं, "ताई, हे तर नमनालाच घडाभर तेल."

"थांब गं जरा. आता पाळणाघरांवर येतील." आणि ते खरंच आले, तेव्हा ताईंनी टाळी वाजवली. गॅलरीत टाळ्या वाजवायला मनाई आहे. कर्मचाऱ्याने अदबीने येऊन तसं सांगितलं. ताईंनी त्याच्याहून अदबीने माफी मागितली आणि माझ्या कानात पुटपुटल्या, "मुद्दाच तसा होता."

परतताना सायकल हातात धरून त्यांचा इतिहासाचा तास चालायचा. "यांचा वॉर्डप्रमुख मधली कित्येक वर्षं लोक निवडतच नव्हते, माहितीये? काउन्सिल नाव सुचवणार, राज्यपाल होकार देणार. लोक भांडले, तेव्हा मत परत मिळालं. आणि कचरा! तो तर या शतकाच्या तोंडावर वॉर्डाच्या हाती आला. त्याआधी महानगराकडे होता." हे सांगताना त्यांचा आवाज इतका चढायचा की समोरून येणारी माणसं बाजूला होत. कुठलं काम कुणाचं, हे त्यांना तोंडपाठ होतं. नळ महानगराचा, सिग्नल पोलिसांचा. बाग, शाळा, कचरा आणि संकटकाळचा धान्यसाठा वॉर्डाचा. "ज्याचं काम त्यालाच सांगावं," त्या म्हणायच्या. "नाहीतर दिल्लीच्या नावाने बोटं मोडत बसायचं आणि गल्लीतला दिवा तसाच बंद."

त्या धान्यसाठ्यावरूनच पुढचं सगळं घडलं. आमचा भाग सखल, दोन नद्यांच्या मधला. दरवर्षी शाळेच्या मैदानावर पुराची कवायत होते आणि शेवटी साठ्यातला भात वाटतात: पाकिटात गरम पाणी ओतायचं, थोडं थांबायचं, झालं. त्या वर्षी माझ्या सासूबाई पुण्याहून आलेल्या. जन्मात अंडंही न खाल्लेल्या. भातात गाजर, मशरूम, बांबूचे कोंब दिसले. आम्ही सगळ्यांनी तो बिनधास्त व्हेज समजून खाल्ला. सासूबाईंनी तर दुसऱ्यांदा मागून घेतला. मग ताईंनी पाकीट उलटून वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काय लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

ताईंना खोटं बोलता येत नसे. "माशाचा अर्क आहे, काकू. कोंबडीचाही."

सासूबाईंनी हातातलं पाकीट खाली ठेवलं. घरी येऊन त्यांनी आंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही खाल्लं नाही.

त्यानंतर महिन्याभरात वादळ आलं. मोबाइल ओरडू लागले, शाळेत जा म्हणून सूचना आली. आमचं घर तळमजल्यावर. सासूबाई पलंगावर मांडी घालून बसल्या. "तुम्ही जा पोरांना घेऊन. मला तिथलं काही चालायचं नाही. मी घर सांभाळते." नवरा ओसाकाला, मुलं रडायला लागलेली, बाहेर पाऊस आडवा. मी हात जोडले, रागावले, उपयोग शून्य. तेवढ्यात दार वाजलं. मंगलाताई! रेनकोटखाली साडीचा पदर खोचलेला, हातात डबा.

"काकू, दशम्या आहेत. दुधात भिजवलेल्या, चार दिवस टिकतील. कृष्णेचा पूर मी डोळ्यांनी पाहिलाय. घर सांभाळायला थांबलेली माणसं मागाहून शोधावी लागतात. चला, उठा."

सासूबाई उठल्या. सुदैवाने पाणी आलं नाही. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना दशमी वाढता वाढता ताई एकदम थांबल्या. "अनघा, या वेळी मी होते. पुढच्या वेळी नसले तर?"

आठवडाभरात त्यांनी काउन्सिलकडे अर्ज दिला. त्याला इथे 'चिंज्यो' म्हणतात. मत नसलेल्या परदेशी माणसालाही तो देता येतो. मागणी एवढीच: साठ्यात मासे-मांस नसलेला भातही असावा आणि पाकिटावर ते चित्राने कळावं. समितीने अर्ज पुढच्या अधिवेशनापर्यंत राखून ठेवला. मी हिरमुसले. ताई मात्र नाचायच्या बाकी होत्या. "फेटाळला नाही गं! विचार करतायत!"

आणि नेमकी तेव्हाच ताईंच्या मुलाला क्योतोच्या विद्यापीठात जागा मिळाली. अधिवेशनाआधीच ताईंना वॉर्ड सोडावा लागणार होता. समितीसमोर अर्जाची बाजू मांडायची ती वॉर्डातल्या माणसाने. अर्जावर ताईंखालोखाल दुसरी सही माझी होती, म्हणजे ते माझ्यावर आलं.

"मला नाही जमणार," मी म्हटलं. "आपण पाहुणे इथे. उगाच पुढे पुढे करायचं कशाला?"

ताई सामान बांधत होत्या. सुतळी हातातच राहिली. "पाहुणी? पाहुण्याला कुणी कचऱ्याचे वार पाठ करायला लावतं का? कर भरतेस, पोरं इथल्या शाळेत घातलीस, शनिवारी बाटल्या धुऊन ठेवतेस. घरचीच आहेस तू. जा आणि घरच्यासारखं बोल."

मी गेले. समितीसमोर उभी राहिले. पाठ केलेली वाक्यं पहिल्याच मिनिटाला पळाली. मग मी सरळ सासूबाईंची गोष्ट सांगितली: पलंगावर मांडी, बाहेर वादळ, डब्यातल्या दशम्या. एका वयस्क सदस्यांनी विचारलं, घरून डबा आणणं शक्य नाही का? मी म्हटलं, "आणतोच आम्ही. पण ज्या म्हाताऱ्या बाईकडे डबा देणारी शेजारीण नाही, ती घरातच बसून राहील." त्या गृहस्थांनी होकारार्थी मान हलवली.

अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? "इगी नाशी," सगळ्यांनी सांगितलं. हरकत नाही. अर्ज मंजूर!

मी धावत जिन्यात आले आणि क्योतोला फोन लावला. "ताई, घोडं गंगेत न्हालं!"

 पलीकडे सतत बोलणारी ती बाई हुंदके देत होती. मलाही रडू फुटलं आणि मी जिन्यातच बसले. मग त्यांनी नाक ओढलं.

"मला काय फोन करतेस वेडे? आधी काकूंना पुण्याला लाव."

मी लावला. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. त्या वादळानंतर परत जपानला यायचं नाव त्यांनी काढलं नव्हतं.

"मग येते मी भाद्रपदात," त्या म्हणाल्या. "वादळ आलं तर येऊ दे. आणि त्या मंगलाला सांग, दशम्या या वेळी मी करून आणणार आहे."