फिशआय लेन्स आणि वडगावचा माग

निपाणीच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझ्या गळ्यात कॅमेरा होता आणि त्यावर नवीकोरी फिशआय लेन्स. माशाच्या डोळ्यासारखी बाहेर फुगलेली काच. तिच्यावर साधा फिल्टरही बसत नाही, त्यामुळे कोल्हापूरपासून मी तिला तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आणली होती. घरात या खरेदीवरून बरीच टोलेबाजी झाली होती, तेव्हा लेन्सचे गुण सिद्ध करणं मला भागच होतं.

पहिला प्रयोग स्टँडवरच केला. फलाट, दोन बस, तंबाखूची पोती लादलेला टेम्पो आणि वरचं आभाळ एकाच फोटोत मावलं. खाली माझ्या चपलाही मावल्या. ही लेन्स जवळजवळ अर्धं वर्तुळ बघते. पाय मागे घ्यायला विसरलात की तुम्हीही फोटोत.

निपाणीत माझी कॉलेजची मैत्रीण ज्योती हिचं सासर. तिला सहावा महिना सरत आलेला. फोटो बघून तिने चहाचा कप खाली ठेवला.

"ह्याच्यात आमच्या वडगावचं घर मावंल काय गं?"

बेळगावातलं वडगाव तिचं माहेर. घरात एकच मोठी खोली, तिच्यात वडिलांचा हातमाग, मागे स्वयंपाकघर. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणजे तिच्या खाटेला जागा हवी. शिवाय वडिलांचे गुडघे आता त्यांना मागाच्या खड्ड्यात बसू देत नव्हते. म्हणून येत्या सोमवारी माग उतरवायचं ठरलं होतं. आणि डॉक्टरांनी ज्योतीला एवढ्यात प्रवास करू नको म्हणून बजावलं होतं.

"माग आख्खा आन् आईआप्पा दोघं, असा एकबी फोटो न्हाय आमच्याकडं. भिंतच आड येत्या. मी जाईस्तवर माग ऱ्हाणार न्हाय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

मी लगेच हो म्हटलं. लेन्सपेक्षा मलाच जास्त उत्साह.

तवंदीचा घाट चढताना बसच्या खिडकीतून डोंगर टिपत बसले. क्षितिज फोटोत वरच्या बाजूला धरलं की त्याची कमान होते. खाली धरलं की कढईच्या बुडासारखं लोंबतं. बरोबर मधोमध धरलं तरच सरळ राहतं. शेजारच्या आजोबांनी फोटो बघितला आणि विचारलं, "बिघडलाय काय?" मी नाही म्हटलं, पण त्यांना पटलं नाही.

वडगावच्या बोळात शिरल्यावर घराघरातून यंत्रमागांचा खडखडाट. ज्योतीच्या घरी मात्र खट् खट् असा एकट्या हातमागाचा आवाज. "या, या. ज्योतीचा फोन आलता," म्हणत आप्पांनी बसायला पाट दिला. तिच्या आईने, आक्कांनी, तिखट अवलक्की (पोहे) पुढे ठेवले.

"ह्यो आमचा मग्ग (माग)," आप्पा म्हणाले. तो दाखवायची गरजच नव्हती. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तोच होता. साध्या लेन्समध्ये त्याचा अर्धा भागच येई. मग मी पाठ कोपऱ्याला टेकवली, फिशआय लावली आणि पोट आत घेतलं. आख्खा माग, वरचे वासे, खड्ड्यात पाय सोडून बसलेले आप्पा, सगळं एका फोटोत आलं. मी स्वतःवरच खूश झाले.

आणि उजव्या कडेला, भांड्यांच्या फळीजवळ, एक लांबुडकी बाई दिसली. हात खेचल्यासारखा, चेहरा पपईसारखा. त्या आक्का होत्या.

"मी कशी आले ह्याच्यात?" त्या चकित झाल्या. "हितं उभारल्यावर मी कुणाच्या फोटूत येत न्हाय."

आप्पांचे फोटो काढायला आजवर बरीच माणसं येऊन गेली होती. प्रदर्शनवाले, कॉलेजची मुलं, साडीचे व्यापारी. सगळे म्हणत, आक्का, जरा बाजूला. आता कॅमेरा दिसला की त्या आपणहून फळीजवळ जाऊन उभ्या राहत. कुणी सांगायचीही गरज उरली नव्हती.

मधे विणकराच्या जागेखेरीज माणूस मावत नव्हतं, म्हणून त्यांना धाग्याच्या कांड्या भरायच्या चरख्यापाशी बसवून पाहिलं. पण चरख्याची जागाही भिंतीकडेला. तिथे बसेल तो वाकडाच येणार, हा या लेन्सचा मोठा दोष. प्रत्येक फोटोत आक्का पपई.

"ऱ्हाऊ दे. त्यांचाच काढा," त्या म्हणाल्या. "मी काय, ज्योतीला रोजच दिसणार हाय."

ज्योतीला काय तोंड दाखवू, या विचाराने जीव खट्टू झाला.

तेवढ्यात आप्पा गुडघे धरत खड्ड्यातून वर आले. "तू बस हितं."

"मागावर अर्धं लुगडं हाय की अजून," आक्का दचकून म्हणाल्या.

विणकरांच्या घरात अर्ध्या कापडावर दुसऱ्याचा हात पडू देत नाहीत. प्रत्येकाचा ठोका, म्हणजे धागा दाबून बसवायचा जोर, वेगळा. हात बदलला की कापडात तेवढाच पट्टा दिसून येतो. आक्कांनी जन्मभर कांड्या भरल्या, पण त्या जागेवर त्या कधी बसल्या नव्हत्या.

"दिसू दे. शेवटचं लुगडं, ते बी ज्योतीचं. हाण दोन ठोकं," म्हणत आप्पा भिंतीकडेला चरख्यापाशी जाऊन बसले.

आक्कांनी पदर खोचला. पायांनी दाबायच्या खालच्या पावड्या चाचपल्या. खट्. मग जरा जोरात, खट्. मी घाईने बटण दाबलं आणि कॅमेरा हलला. पण या लेन्सला थोडा हात हललेला चालतो, तेवढा तिचा मोठेपणा. फोटो स्वच्छ आला. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर आक्कांना काही नीट दिसलं नाही. त्या नुसत्या हसल्या.

बेळगावच्या स्टुडिओवाल्याने फोटो बघून विचारलं, "ताई, सरळ करून देऊ?" कॉम्प्युटरवर भिंती सरळ होतात खऱ्या, पण कडा कापल्या जातात. कडेला आप्पा होते. मी म्हटलं, वाकडाच छापा. दोन प्रती काढल्या. एक संध्याकाळी वडगावला पोचवायचं त्याने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी परतताना ज्योतीच्या हातात फोटो दिला. तिने तो खिडकीपाशी उजेडात धरला. सासूबाईंनी वाकून पाहिलं. "तुझ्या आप्पांस्नी काय झालं गं? केळ्यासारखं वाकडं दिसत्यात."

"कायबी झालं न्हाय, अत्ती," ज्योती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

कोल्हापूरच्या बसमध्ये मी लेन्सचा हिशेब मांडत बसले. लहान जागेत मोठं काही टिपायचं तर हिच्यासारखी दुसरी नाही. मात्र मधे कोण आणि कडेला कोण, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते काम लेन्स करत नाही. एवढ्यात ज्योतीचा फोन आला. वडगावची प्रत पोचली होती. आईने चष्मा लावून फोटो नीट बघितला म्हणे. आधी स्वतःला, मग कडेच्या आप्पांना.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, बरं झालं. आता कळंल त्यास्नी, कडंला कसं असतंय ते."