कोळशावर चालणारी ॲम्ब्युलन्स

लढाईच्या चौथ्या उन्हाळ्यात माझी बदली बेळगाव छावणीच्या मोटार ट्रान्स्पोर्ट सेक्शनला झाली. हुद्दा नायक, ट्रेड ड्रायव्हर-मेकॅनिक. माझं गाव खानापूर तालुक्यातलं, म्हणजे घर हाकेच्या अंतरावर. आघाडीवर निघालेले लोक माझा हेवा करत. मला थोडी लाज वाटे, पण बदली नको असं काही मी साहेबाला सांगितलं नाही.

सेक्शनमध्ये चौदा गाड्या होत्या आणि त्यांतल्या पाच धड होत्या. बाकीच्या सरकारनं लोकांकडून ताब्यात घेतलेल्या, दहा-बारा वर्षं वापरलेल्या. कुणा वकिलाची, कुणा तंबाखूच्या व्यापाऱ्याची. नव्या गाड्या आणि पेट्रोल दोन्ही पूर्वेकडं, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जात होतं. आम्हाला हुकूम आला की जुन्या गाड्यांना कोळशाचा गॅस प्लांट बसवा.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या मागं पिंपाएवढी लोखंडी भट्टी. तीत लोणारी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि हातपंखा दहा मिनिटं फिरवायचा. कोळसा धुमसून जो गॅस होतो तो नळानं पुढं इंजिनात जातो. गाडीची ताकद निम्मी होते. स्पार्क थोडा आधी पडेल असा लावून घ्यावा लागतो, नाहीतर चढावर इंजिन धापा टाकतं. घाट आला की थोडा वेळ पेट्रोलवर घ्यायची. दर पन्नास मैलांनी राख काढायची आणि गॅसची गाळणी धुवायची. कामचुकार माणसाच्या हाती ही गाडी दोन दिवस टिकत नसे. तो गॅस विषारी असतो, आणि त्याला सांगण्यासारखा वास नसतो. इंजिन चालू असताना ते गॅस ओढून घेतं. गाडी उभी राहिली की भट्टी धुमसत राहते आणि फट मिळेल तिथून गॅस बाहेर येतो. म्हणून स्टँडिंग ऑर्डर होती: हाल्टला सगळ्यांनी खाली उतरायचं, पडदे उघडायचे, वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं. दर सोमवारी परेडवर ती वाचून दाखवत. मला तोंडपाठ होती.

माझ्या जोडीला लान्स नायक जिन्नाप्पा चौगुले होता. निपाणीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. घरी मराठी, बाजारात कानडी, दोन्ही सारख्याच वेगानं बोलायचा. सैन्यात आला म्हणून वडील सहा महिने त्याच्याशी बोलले नव्हते. सूर्य मावळायच्या आत जेवायचा, कांदा-लसूण खायचा नाही, आणि लंगरमधल्या आचाऱ्याशी त्यावरून रोज एकदा भांडायचा. वयानं माझ्याएवढाच, पण मला अण्णा म्हणायचा. त्याच्यासारखा इंजिनाचा कान असलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. गाडी फाटकातून आत येताना ऐकूनच सांगायचा की तिसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह बसत नाही.

मे महिन्यात आम्ही एका जुन्या अमेरिकन टूरर मोटारीची ॲम्ब्युलन्स केली. निपाणीला भरतीचा कॅम्प होता, तिथले आजारी रंगरूट बेळगावच्या मिलिटरी हॉस्पिटलला आणायला गाडी हवी होती. डेपोकडून ड्रॉइंग आलं. मागची सीट काढून लाकडी खोका बांधला, एक स्ट्रेचर आणि एक माणूस बसेल एवढा. बाजूला कॅनव्हासचे पडदे, खडेबाजारातल्या शिंप्याकडून दुहेरी शिवणीचे करून घेतले. खोक्याच्या मागच्या बाजूला, छताखाली, ड्रॉइंगमध्ये वीतभर रुंदीच्या दोन फटी दाखवल्या होत्या. त्याही ठेवल्या.

इथंपर्यंत सगळं ठीक होतं. यापुढची अक्कल माझी.

भट्टीच्या वजनानं मागच्या स्प्रिंगचे पाटे बसत होते. मी भट्टी नऊ इंच पुढं घेतली, खोक्याला जवळजवळ चिकटून. पाटे सुधारले. भट्टीच्या झाकणाला ॲस्बेस्टॉसची दोरी लागते, ती स्टोअरमध्ये संपली होती. निपाणीला तंबाखू भरायच्या पोत्यांना बोद म्हणतात, त्याचा सुतळीचा पीळ मातीत भिजवून मी झाकणाला बसवला. तोही चालला. मग पहिल्याच फेरीला रस्त्याचा फुफाटा मागच्या फटींतून आत भरला, रोगी खोकून हैराण झाला आणि हॉस्पिटलच्या डॉक्टरनं आमची खरडपट्टी काढली. मी दोन्ही फटी कॅनव्हासनं बंद केल्या आणि वरून रंग दिला. पुढच्या इन्स्पेक्शनला कॅप्टनसाहेबानं आत बसून बघितलं. म्हणाला, “एकदम टाइट बॉडी. गुड वर्क, नायक.” मी छाती काढून सलाम ठोकला.

हल्ली बेळगावात खासबागेतल्या माझ्या दुरुस्तीच्या शेडमध्ये लोक जुन्या गाड्या घेऊन येतात. हे भोक बुजवा, तो पाइप सरकवा, हा पत्रा कापा म्हणतात. मी विचारतो, हे भोक कुणी पाडलं आणि का? त्यांना माहीत नसतं. मग मी काम घेत नाही. लोक मला तऱ्हेवाईक म्हणतात, म्हणोत. जुन्या गाडीत एका वेळी एकच बदल करावा आणि महिनाभर ती चालवून बघावी. मी तीन केले होते. प्रत्येक बदल सुटा घेतला तर बरोबर होता. तिन्ही एकत्र झाले की काय होतं, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही, कारण डोक्यात साहेबाची शाबासकी होती.

भाद्रपदातली अनंत चतुर्दशी होती. जैनांच्या दशलक्षण पर्वाचा तो शेवटचा दिवस. जिन्नाप्पानं निर्जळी उपास धरला होता. मी म्हणालो, आज ड्यूटी बदलून घे. तो म्हणाला, “नगं अण्णा. निपाणीला जायाचं हाय तर जातो की. घरचं कोण भेटलं तर भेटलं.” घरचं कुणी भेटलं नाही.

कॅम्पमधला रोगी रंगरूट हिवतापानं फणफणला होता. कॅम्पच्या डॉक्टरनं मला बजावलं, “छातीत कफ आहे. भिजू देऊ नका.” पाऊस सकाळपासून लागला होता. अकरा चाळीसला आम्ही निघालो. मी चालवत होतो. जिन्नाप्पा मागं खोक्यात, भट्टीकडच्या टोकाला, रोग्याच्या पायाशी बसला होता. रोग्याचं डोकं माझ्या सीटच्या बाजूला होतं. तवंदीचा घाट पेट्रोलवर चढलो आणि वर आल्यावर पुन्हा गॅसवर घेतली.

बारा पन्नासला संकेश्वर. तिथं कोळसा भरायला दहा मिनिटं थांबलो. कोळसा मी भरला, जिन्नाप्पा आतच रोग्याला धरून होता. निघताना म्हणाला, “अण्णा, डोस्कं लई दुकतंय.”

मी हसलो. “पोटात काय न्हाय तर डोस्कं दुकणारच की रं. सांच्याला तुझा देव काय लाडू देनार हाय व्हय?”

“लाडू न्हाय, पर पुण्य देतोय,” तो म्हणाला. “तुमच्यावानी खाऊन-पिऊन मिळत न्हाय ते.”

रोगीही डोकं धरून कण्हत होता. त्याला ताप, याला उपास. दोघांची डोकी कशानं दुखतात ते मला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं. हीच ती जागा. तिथं मी एकदा आत डोकावून बघायला हवं होतं, झाकण तपासायला हवं होतं. मी क्लच सोडला आणि निघालो.

दोन वाजून पाच मिनिटांनी वंटमुरीच्या उतारावर रस्ता बंद दिसला. आंब्याचं जुनं झाड आडवं पडलं होतं. अलीकडं पाच-सहा बैलगाड्या अडकल्या होत्या आणि गाडीवान कुऱ्हाडी काढत होते. मी इंजिन बंद केलं. पाऊस आडवा मारत होता. मी कुऱ्हाड घेऊन उतरलो, मागं गेलो आणि पडद्यातून तोंड घालून म्हणालो, “झाड हाय. पडदं उघडू नगं. गडी भिजला तर डॉक्टर माझी कातडी सोलंल.”

जिन्नाप्पा म्हणाला, “अण्णा, हाल्टला भाईर पडायचं आसतंय.”

“पाच मिंटाचं काम हाय. आत बस. हुकूम हाय माझा.”

“जी,” तो म्हणाला. मी पडद्याची बटणं बाहेरून लावून घेतली.

पाच मिनिटांचं काम नव्हतं. बुंधा दोन माणसांच्या कवेत न मावणारा. आम्ही आळीपाळीनं घाव घातले, मग बैल जुंपून ओढला. मधे एकदा मी गाडीकडं बघितलं. पडदे नीट बंद होते, आणि मला बरं वाटलं. दोन पन्नासला रस्ता मोकळा झाला. मी भिजलेला, दमलेला, पण खुशीत होतो. हाक मारली, “जिन्नाप्पा, पंखा फिरव रं!”

पडदा हलला नाही. मला वाटलं झोपला, उपासानं ग्लानी आली असेल. पडदा उघडला. तो खोक्याला टेकून बसला होता, एक हात रोग्याच्या पायावर. गाल लालसर होते, म्हणून क्षणभर मला तो ठणठणीत वाटला. मी त्याला ओढून चिखलात, पावसात निजवलं. छाती दाबली, हात वरखाली केले, नाव घेऊन हाका मारल्या. गाडीवानांनी रंगरुटाला बाहेर काढलं. तो ओकला आणि श्वास घेऊ लागला. त्याच्या डोक्याशी माझ्या दारातून थोडी हवा येत असावी. जिन्नाप्पा भट्टीच्या बाजूला होता. सुतळी जळून झाकणातून सुटलेला गॅस फळ्यांच्या सांध्यांतून तिकडंच आत शिरला, आणि फटी बुजवलेल्या, म्हणून त्याला बाहेर जायला वाट नव्हती. मी त्याच्यावर चाळीस मिनिटं मेहनत घेतली. त्यातली शेवटची वीस मिनिटं मलाही कळत होतं की उपयोग नाही.

बेळगावला पोचायला पाच वाजले. पडदे मी कापून टाकले होते. रोगी हॉस्पिटलात दाखल झाला. जिन्नाप्पाला स्ट्रेचरवरून उतरवून घेतलं.

आता जे लिहितो ते आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे. त्याच संध्याकाळी साडेसहाला, गाडी शेडमध्ये एकटी उभी असताना, मी पकड घेऊन मागच्या दोन्ही फटींवरचा कॅनव्हास उपटून काढला. खिळे वेचले. जळून काळा पडलेला सुतळीचा पीळ काढून भट्टीतच टाकला. मला कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालत होते.

तिसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तीन अधिकारी, एक टेबल.

“लान्स नायकला स्टँडिंग ऑर्डर माहीत होती?”

“माहीत होती, सर.”

“हाल्टच्या वेळी तो आत होता?”

“आत होता, सर.”

“फटी उघड्या होत्या?”

“उघड्या आहेत, सर.”

‘होत्या’ म्हणायला जीभ वळली नाही, म्हणून ‘आहेत’ म्हणालो. गाडी बाहेरच उभी होती, त्यांनी जाऊन बघितलं. आत बसायचा हुकूम कुणी दिला, हे कुणीच विचारलं नाही. मी वाट बघत होतो विचारतील म्हणून. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला बजावत आलो. आता तेवढी खात्री देत नाही. निष्कर्ष लिहिला गेला: मृत जवानानं स्टँडिंग ऑर्डरचं पालन केलं नाही, अपघात त्याच्या स्वतःच्या हलगर्जीपणानं झाला.

पंधरा दिवसांनी मी रजा काढून त्याच्या गावी गेलो. वडील अंगणात तंबाखूची पानं निवडत होते. सरकारी कागद त्यांच्याकडं आला होता, शाळामास्तरांकडून वाचूनही घेतला होता.

“तुमी व्हता न्हवं तितं?” त्यांनी विचारलं.

“व्हतो, आप्पा.”

“कागदात लिवलंय, आमच्या जिन्नूनं हुकूम मोडला. मी नगं म्हनत असताना पलटनीत गेला त्यो, माझा शबुद मोडला त्यानं. पर तितलं काय मोडलं आसंल असं मला वाटत न्हाय. खरं काय ते सांगा.”

मी सगळं सांगितलं. भट्टी, फटी, सुतळी, हुकूम, बटणं, साडेसहा वाजताची पकड. ते पानं निवडत राहिले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, “ह्ये सायबाला सांगा. मला सांगून काय हुतंय?”

“सांगतो, आप्पा,” मी म्हणालो.

सोमवारी सकाळी नऊला मी कॅप्टनसाहेबाच्या ऑफिसबाहेर उभा होतो. टोपी सरळ केली. आतून साहेबानं मला बघितलं आणि स्वतःच हाक मारली. म्हणाला, हवालदारपदासाठी तुझं नाव पाठवलं आहे, तू जाणार तो जवानांचा ड्राफ्ट पुढच्या आठवड्यात पूर्वेला निघतो आहे. “एनीथिंग एल्स?”

मी म्हणालो, “नो, सर.”

त्यानंतर तीन वर्षं मी आसाम आणि ब्रह्मदेशात गाड्या चालवल्या. गोळीबारात गेलो, पुलांवरून गेलो, मला खरचटलंही नाही. परत आलो तेव्हा सेक्शन मोडला होता आणि साहेब विलायतेला निघून गेला होता. ती फाईल कुठल्या कपाटात गेली, कुणाला माहीत नव्हतं. मी दोन अर्ज केले. दोन्हींना उत्तर आलं नाही. जिन्नाप्पाचे वडील मी परतायच्या आधीच्या पावसाळ्यात वारले. कागद बदलला का, हे विचारायला ते थांबले नाहीत, आणि सांगायला माझ्याकडं काही नव्हतंही.

कोर्टानं न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी इथं देतो. लान्स नायक जिन्नाप्पा चौगुले, ड्रायव्हर, वंटमुरीच्या उतारावर, अनंत चतुर्दशीला दुपारी दोन पाच ते दोन पन्नासच्या दरम्यान, ड्यूटीवर असताना वारला. स्टँडिंग ऑर्डर त्याला पाठ होती आणि तिची त्यानं मला आठवण करून दिली. तो आत बसून राहिला, कारण त्याच्या नायकानं त्याला तसा हुकूम दिला होता. तो नायक मी.