कोंबडीच्या पोटातले खडे

त्याचं चिकनचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं, पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं. मधली भिंत एका विटेची. इतकी वर्षं त्या भिंतीपलीकडचा सुरीचा ठोका ऐकत मी काम केलं, तरी तो माणूस मला नीट माहीत होता असं म्हणवत नाही. त्याचं लहानपण कुठे गेलं, त्याला भीती कशाची वाटायची, यातलं मी काहीच विचारलं नाही. विचारायचं काम त्याचं होतं. मी उत्तरं द्यायचो, तीही बहुतेक "माहीत नाही" अशीच. तो गेल्यावर त्याची मुलगी म्हणाली, "काका, बाबांबद्दल चार ओळी लिहा ना," म्हणून बसलोय. मला लिहिण्याची सवय नाही. बोलताना आम्ही एकमेकांना अहो-जाहो करायचो, लिहिताना मात्र 'तो' असंच येतंय. त्याने हरकत घेतली नसती. का, एवढं मात्र नक्की विचारलं असतं.

गल्लीत त्याचं नाव 'चौकशी' पडलं होतं. गिऱ्हाईक तंगडी मागायला आलं की हा सुरी हातात धरून विचारणार, "तंगडीचं मांस काळपट आणि छातीचं पांढरं, असं का असेल हो?" समोरचा घाईत असायचा. मग मागून वहिनींचा आवाज यायचा, "अहो, त्यांना आधी कापून द्या, परीक्षा नंतर घ्या." वहिनी म्हणजे त्याची बायको. गल्ल्याजवळच्या लाकडी खुर्चीत बसून त्या सगळ्यांशी बोलायच्या. सुरी त्याची पण दुकान वहिनींचं, असं लोक म्हणायचे, आणि तो हसून मान डोलवायचा.

त्या वहिनी एकदा ओल्या लादीवर घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण दवाखान्यातून परतल्या त्या निम्म्या होऊन. घर आमच्या दोन्ही दुकानांच्या वरच होतं, जिना अरुंद आणि चांगलाच उभा. चौघांनी उचलून वर नेल्या, त्या वरच राहिल्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हाडाचं आमचं काम झालं. आता पायात मांस भरलं पाहिजे. व्यायाम करा आणि प्रोटीन खा. नाहीतर पाय खाटेची सवय लावून घेतात, मग ती मोडत नाही."

"प्रोटीन?" तो मला म्हणाला. "मिस्त्री, माझ्या घरी प्रोटीनचा काय तोटा!"

पण औषधांनी वहिनींच्या तोंडाची चव गेली होती. सूपची वाटी पुढे आली की त्या मान फिरवायच्या. अंडंही नको. "जन्म या वासात काढला तेव्हा काही वाटलं नाही, आता मळमळतं. त्याला मी काय करू?" त्याने वास झाकायला लिंबू पिळून पाहिलं, आलं घालून पाहिलं. एकदा तर वाटीत भात वर आणि चिकनचा बारीक खिमा खाली, असंही केलं. वहिनींनी वरचा भात तेवढा खाल्ला आणि वाटी परत दिली. "मला फसवायला अजून तुमची उमेदवारी पुरी व्हायची आहे," म्हणाल्या.

मग तो दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंकडे गेला आणि मलाही ओढून घेऊन गेला. बाई तरुण होत्या, पण कमालीच्या शांत.

"बाई, मी चिकन विकतो. पण वाईट वाटून घेणार नाही, खरं सांगा. प्रोटीन जास्त कशात? चिकनमध्ये की बियांमध्ये?"

"तराजूत घातलं तर सोललेल्या भोपळ्याच्या बिया तुमच्या कच्च्या चिकनला हार जाणार नाहीत," बाई म्हणाल्या. "पण ती तुलना सरळ नाही. बी कोरडी असते, मांस ओलं. बीमध्ये तेलही पुष्कळ, म्हणून थोड्या खाल्ल्या की पोट भरतं. आणि चिकनमधलं प्रोटीन शरीराला जवळजवळ सगळं वापरता येतं, बियांमधलं त्यापेक्षा कमी. बीमध्ये जे उणं असतं ते डाळीत मिळतं, म्हणून सोबत मसूर शिजवून द्या. बिया बारीक करून द्या. आणि चव परत आली की चिकनही द्या, त्याच्याशी आपलं भांडण नाही."

एवढ्या बोलण्यातलं त्याच्या डोक्यात काय राहावं? मांस ओलं असतं, हे. त्या दुपारी त्याने छातीचा एक तुकडा तोलला, पातळ कापला आणि मंद आचेवर वाळत ठेवला. तुकडा लाकडासारखा कडक झाल्यावर पुन्हा तोलला, तो जेमतेम चौथा हिस्सा उरला. तुकडा तळहातावर घेऊन तो माझ्या दुकानात आला. चेहरा असा, की घरात चोरी झालीय.

"मिस्त्री, बाकीचं सगळं पाणी! मी आयुष्यभर पाणीच विकलं की!"

मी काही बोलायच्या आत वरच्या खिडकीतून वहिनी म्हणाल्या, "आणि नावं मात्र दूधवाल्याला ठेवत होतात."

दुसऱ्या दिवसापासून तो कोपऱ्यावरच्या दाणेवालीकडे जायला लागला. भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या, जवस, तीळ, सगळं थोडं थोडं. चिकनवाला दाणे नेतोय म्हटल्यावर चेष्टा होणारच. दाणेवाली म्हणाली, "काय हो, कोंबड्या पाळल्यात वाटतं?"

"एकच आहे," तो म्हणाला. "वरच्या मजल्यावर बसून असते."

ही गोष्ट वहिनींपर्यंत संध्याकाळच्या आत पोचली. दुसऱ्या दिवशी तो जरा उशिरा वर गेला तर वरून नुसतं "कॉक कॉक" ऐकू आलं. बऱ्याच दिवसांनी त्या घरातून हसण्याचा आवाज आला, म्हणून मी पंख्याचं काम थांबवून ऐकत राहिलो.

वहिनी बिया निमूटपणे खायच्या. दह्यात मिसळून मूठभर सकाळी, मूठभर संध्याकाळी. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने एक कसोटी दिली होती, हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठायचं. ते जमलं की जिन्याचं बघू, म्हणाली. दर रविवारी माझ्या डोक्यावरच्या छतात खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, मग त्याचं "हां, हां, आता!" आणि मग धप्पकन पुन्हा बसल्याचा आवाज. असे कितीतरी रविवार गेले. एका रविवारी तो खाली येऊन माझ्या बाकावर बसला आणि त्याने काहीच विचारलं नाही. मी चहा मागवला. तो प्यायला, कप ठेवला, गेला. चौकशी गप्प बसला म्हणजे आशा सुटली, एवढं मला कळत होतं.

त्याच आठवड्यात एकजण घरी पाळलेली कोंबडी कापून घ्यायला आला. दुकानातल्या कोंबड्या पिंजऱ्यात तयार खाद्यावर वाढलेल्या, ही मात्र अंगणात फिरून दाणे टिपणारी. त्याने पोट उघडलं, पेटा बाहेर काढला. पेटा म्हणजे कोंबडीच्या पोटातला तो घट्ट गोळा. एरवी तो चिरून, धुऊन बाजूला टाकायचा. त्या दिवशी त्याने भिंतीवर थाप मारली, "मिस्त्री, आहात का? या, या, लवकर या!"

मी गेलो. चिरलेल्या पेट्यात बारीक खडे होते, आणि त्यांच्यात अर्धवट भरडलेले दाणे.

"बघा. हिला दात नाहीत. म्हणून ही खडे गिळते आणि पोटात दळते. तीळसुद्धा दळते." तो माझ्याकडे बघत राहिला. "मिस्त्री, हिच्या पोटात दळायचं जातं आहे, पण आमच्या हिच्या पोटात खडे कुठे आहेत?"

गिऱ्हाईक म्हणालं, "माझी कोंबडी देता का?"

ती तशीच टाकून तो हात धुऊन जिना चढला. मी गिऱ्हाइकाला बसायला स्टूल दिलं आणि तिथेच उभा राहिलो. वरचं सगळं ऐकू येत होतं. आधी तो बराच वेळ अडखळला, कारण प्रश्न जरा अवघड जागचा होता. शेवटी विचारलं, "बिया बाहेर कशा पडतात गं?" वहिनी म्हणाल्या, "जशा जातात तशा. अख्ख्या."

"आणि तू चावत नाहीस?"

"कशाने चावू? दवाखान्यातून आल्यापासून कवळी सैल झालीय. गाल बसले, हिरड्या बसल्या. गिळते मी."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही एवढ्या हौसेने निवडून आणता. कसं सांगू?"

मग तो म्हणाला, "त्या बाईंनी सांगितलं होतं गं, बारीक करून द्या. मी ऐकलंसुद्धा. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांसाठी सांगतायत."

"मग आपण कोण आहोत?" वहिनींनी विचारलं.

संध्याकाळी त्याचा जुना मिक्सर माझ्या टेबलावर आला. पातं बोथट झालेलं, ते फिरवणारा खालचा कपलर झिजलेला. मी दोन्ही बदललं. तेव्हापासून रोज सकाळी सुरीच्या ठोक्याआधी भिंतीपलीकडून मिक्सरची घरघर ऐकू यायची. बियांची पूड दह्यात, मसूर शिजवून घोटलेली, आणि कवळीही नवी बसवली. गुण नक्की कशाचा आला, पुडीचा, डाळीचा, कवळीचा की त्या मुलीच्या व्यायामाचा, हे मला सांगता येणार नाही. तोही ठामपणे सांगायचा नाही. पण पुढे एका रविवारी खुर्ची सरकली आणि धप्प आवाज आलाच नाही. मी वाट बघत राहिलो.

त्यानंतर काही दिवसांनी वहिनींनीच विचारलं, "खाली कसलं सूप उकळतंय? वाटीभर आणा." त्याला आनंद झाला, पण सवय कुठली जायला. "मग जिंकलं कोण, बी की कोंबडी?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "आणा आता."

त्या जिना उतरल्या तेव्हा तो त्यांच्या पुढे, पण तोंड त्यांच्याकडे करून, उलटा उतरत होता. मला भीती त्याचीच वाटत होती. वहिनी खुर्चीपाशी आल्या, बोटाने धूळ पुसली, बसल्या आणि पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "छातीचं घ्या, ताजं आहे. पाणी आहे त्यात, पण आम्ही वरून घालत नाही."

आजही त्या तिथेच बसतात. कापायला आता जावई आहेत. तो हृदयाच्या झटक्याने गेला, दुपारच्या झोपेत. कुणाला काही विचारायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

आदल्या दिवशी तो मिक्सरचं भांडं घेऊन आला होता. पातं जड फिरतंय, म्हणाला. मी तेल सोडून दिलं.

"किती टिकेल?" त्याने विचारलं.

"कोरडं फिरवू नका, टिकेल."

"अहो, बिया कोरड्याच असतात."

"मग थांबत थांबत फिरवा."

"बरं," तो म्हणाला, आणि भांडं उचलून घेऊन गेला.