खोंडाची सुती म्होरकी

आमच्या घरात हिंदी बोलली जायची ती फक्त खोंडाशी.

आमचे हे फौजेत खेचरांच्या पलटणीत होते. डोंगरात जिथं गाडी चढत नाही तिथं खेचराच्या पाठीवरून सामान न्यायचं, ही त्यांची नोकरी. रिटायर होऊन कराडजवळच्या आमच्या गावी आले आणि घरात पाहुण्यासारखे वावरायला लागले. उसात त्यांचं मन रमेना. तेवढ्यात आमच्या खिलार गाईला खोंड झालं. ह्यांचा जीव त्याच्यात अडकला तो अडकलाच.

आमच्याकडं जनावर दोरीला लावायची रीत ठरलेली. एकानं पुढून ओढायचं, दुसऱ्यानं मागून शेपूट पिरगाळायचं. जनावर पाय रोवतं, पडतं, तोंडाला फेस येतो आणि शेवटी दमून चालायला लागतं. पुढं थोडं मोठं झालं की नाक टोचून वेसण घालायची. ह्यांना ते बघवायचं नाही. एकदा सांगलीला गेले ते माझ्यासाठी वर्षाची हळद आणि खोंडासाठी मऊ सुती दोरी घेऊन आले. हळद पिशवीतच राहिली. दोरीची म्होरकी मात्र त्याच दुपारी तयार झाली. तोंडावरून आणि कानामागून बसते, नाकाला काही करावं लागत नाही, अशी.

पण ती लगेच घातली नाही. आधी नुसती गव्हाणीवर टाकून ठेवली. खोंडानं ती हुंगली, चाटली, थोडी चावलीसुद्धा. हे रोज जवळ बसून त्याची मान खाजवायचे, गोणपाटानं अंग पुसायचे आणि म्हणायचे, "आओ बेटा, आराम से." मी म्हणायची, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याशी कधी एवढ्या लाडानं बोलला नाहीत. त्यावर म्हणायचे, तू कधी पाय रोवून उभी राहिलीस का? ते खरं नव्हतं, पण मी सोडून दिलं.

मग म्होरकी चढली. थोडा वेळ घालायची, काढायची. पुढं दोरी हातात आली, तरी ओढणं नाहीच. दोरी जरा ताठ करायची आणि थांबायचं. खोंडानं एक पाऊल टाकलं की लगेच ढिली सोडायची आणि मान खाजवायची. बांधावर हे दोघं असे तासन्‌तास उभे असायचे. येणारेजाणारे हसायचे. पण दिवाळी झाली, उसाला तोड आली, तोवर खोंड दोरीला झोल ठेवून ह्यांच्या खांद्यालगत चालत होतं. हे थांबले की थांबायचं, वळले की वळायचं. हसणारे गप झाले.

गप झाले नाहीत ते माझे थोरले दीर. गोठा दोन्ही भावांचा आणि शब्द थोरल्याचा. त्यांचं म्हणणं, बिनवेसणीचा बैल म्हणजे बिनब्रेकची गाडी. उद्या पोरंबाळं आडवी आली तर? त्यांचंही काही खोटं नव्हतं. ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भावाकडं काही मागितलं, ते एवढंच, की ह्याचं नाक टोचू नका. दिरांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, "बेंदराच्या मिरवणुकीत नुसत्या म्होरकीवर ने. मारुतीला फेरी घालून नीट घरी आलं, तर मी परत वेसणीचं नाव काढणार न्हाई."

हे खूश झाले. मलाही वाटलं, जिंकलं. खोंड लेकरासारखं मागं चालत होतं, मग अडचण कसली. आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही की ते सगळं शिकलं होतं मळ्यात, निवांतपणी. ह्यांना गलबला नको असायचा, म्हणून खोंडालाही गलबला कधी दिसला नव्हता.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याला, त्याला नदीवर धुतलं, कोवळ्या शिंगांना रंग लावला, मी पुरणपोळी भरवली. देवळापर्यंत हलगीच्या आवाजातही ते चाललं. कान तेवढे उभे होते. हे सारखे पुटपुटत होते, "आराम से, आराम से." देवळासमोर ट्रॅक्टरवर डीजे लावलेला होता. तो अचानक दणकला. जमीन हादरावी तसा आवाज. खोंड जागच्या जागी उडालं आणि पळालं. ह्यांच्या तळहाताची साल दोरीनं सोलून नेली. आडवे आले ते थोरले दीरच. खोंड त्यांना पाडून मळ्याकडं गेलं. त्यांचा हात मोडला.

दीर एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून ते गोठ्यात आले, सोबत नाक टोचणारा होता. हे बाजूला झाले. अट ह्यांनीच कबूल केली होती.

खोंड रात्री म्होरकी-दोरीसकट आपणच गोठ्यात आलं होतं, पण कुणाला जवळ येऊ देईना. दोघातिघांनी दोर टाकून बघितले. शेवटी दीर हळूच म्हणाले, "तूच धर रं गड्या. तुझ्याबिगर ते उभं राहायचं न्हाई."

ह्यांनी फडकं बांधलेला हात पुढं केला. "आओ बेटा," म्हणाले. खोंड आलं. शिकवलं होतं तसंच आलं, दोरीला झोल ठेवून, आणि तोंड ह्यांच्या छातीला टेकवून उभं राहिलं. दाभण आरपार जाईपर्यंत ते हललं नाही. मग ओरडलं. मी घरातून सांगलीची हळद आणली, तेलात कालवून जखमेला लावली. आजही ते आठवलं की वाटतं, त्यानं त्या दिवशी तरी ऐकायला नको होतं.

आता खोंडाचा बैल झालाय. वेसणीवर कुणाच्याही हाताला चालतो. दिरांचा हात बरा झाला आणि भावाभावांत वाकडं काही नाही. मला वाटलं होतं, खोंड ह्यांच्यावर रुसेल. तसं झालंच नाही. जखम वाळायच्या आतच ते पुन्हा मान लांब करून ह्यांच्याकडं यायला लागलं, खाजवून घ्यायला.

हेच मागं सरले. वैरण टाकतात, पाणी दाखवतात आणि मान खाली घालून बाहेर येतात. हिंदी बंद झाली. म्होरकी खुंटीवर आहे, ती ना काढू देतात, ना हात लावतात. मी एकदा म्हटलं, "आवं, त्यानं कवाच माफ केलंय." तर म्हणाले, "म्हणूनच जात न्हाई."

म्हणून संध्याकाळी मीच गोठ्यात जाते. मान खाजवते, जमेल तशा हिंदीत "आओ बेटा" म्हणते. बैल गरीब, उभा राहतो. पण बघत असतो माझ्या खांद्यावरून दाराकडं.