चौकडीचा कागद

लढाईच्या दिवसांत बेळगावात कागद मिळेनासा झाला होता. नेमका तेव्हाच मला दोन हात रुंद, चौकडी आखलेला कागद हवा होता.

माझे थोरले भाऊ अण्णा आणि मी बेळगावजवळच्या पिरनवाडीत सुतारकाम करायचो. उचगावच्या लोकांनी देवाच्या पालखीचं काम दिलं होतं. वरच्या महिरपीवर कोरायच्या मोराचं तळहाताएवढं चित्र त्यांनी आणलं होतं, ते पाचपट मोठं करायचं होतं. अण्णा म्हणाले, फळीवर रंगात बुडवलेलं सूत मारून चौकटी पाड आणि काढ. मी शाळेत ड्रॉइंगची एक परीक्षा पास झालो होतो. सुतानं चौकटी सारख्या पडत नाहीत, असं मी त्यांना गिऱ्हाइकांच्या देखत ऐकवलं. अण्णांनी पुन्हा रंधा हातात घेतला.

मग मी कागद शोधत फिरलो. बेळगावच्या दुकानांत वहीच्या पानाएवढे तुकडे होते, तेही मोजके. तंबाखूच्या वखारींना मोठ्या वह्या पुरवणारा एक दुकानदार निपाणीत होता, म्हणून तिथंही जाऊन आलो. त्यानं नाही म्हणून हात हलवले, पण बेळगावच्याच शहापुरातल्या एका म्हाताऱ्या विणकराचा पत्ता दिला. लुगड्यांच्या काठांची नक्षी तो चौकडीवर आखून देतो, म्हणाला.

सगळी गल्ली त्या म्हाताऱ्यांना आप्पा म्हणायची. चार कागद कापडावर चिकटवून त्यांनी स्वतःच्या हातानं चौकडी आखली होती. रेघा काळ्या, दर दहावी तांबडी. पालखीचं काम म्हटल्यावर त्यांनी ती गुंडाळी माझ्या हातात दिली.

"ह्याच्यावर पेन्सिल लावू नगंस," ते म्हणाले. "वर पातळ कागद ठेव आन् काढून घे. आठ दिसांनी मला लागंल."

मी हो म्हणालो. पतंगाचा कागद आणला, तो पेन्सिलीखाली फाटला. दुसरा मिळेना. उचगावची माणसं दोन दिवसांत बघायला येणार होती. मी आप्पांच्या चौकडीवरच हलक्या हातानं मोर काढला, नंतर खोडू म्हणून. मोर इतका सुरेख उतरला, की फळीवर ठेवून गिरवायला सोपं जाईल म्हणून मी तो कात्रीनं कापून काढला. कापताना एकदाही हात थांबला नाही, हे मला आजही आठवतं.

आठव्या दिवशी मी गेलो नाही. दहाव्या दिवशी आप्पाच शहापुराहून चालत आले. मी त्यांना दारातच हळू आवाजात म्हणालो, कागद घरात आहे, उद्या आणून देतो. अण्णांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढा म्हातारा माणूस उन्हातून आलाय म्हणून त्यांनी पाणी दिलं आणि खिळ्यावर टांगलेला मोर काढून कौतुकानं पुढं धरला.

"बघा आप्पा, माझ्या भावानं काढलाय. मला न्हाय जमलं असतं."

आप्पांनी मोर हातात घेतला. त्याच्या छातीवरून गेलेल्या तांबड्या रेघेवर त्यांचा अंगठा बराच वेळ होता. मी रंध्याकडे बघत राहिलो.

"मोर चांगला झालाय," ते म्हणाले. मग मला विचारलं, "राहिलेला कागद हाय काय रं?"

भुशाच्या ढिगाशी पडलेले तुकडे मी गोळा करून दिले. त्यांनी ते झटकले, उपरण्यात बांधले आणि निघून गेले. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर जुन्या कागदांचे कोरे भाग जोडून मी तीन दिवस चौकडी आखली आणि शहापूर गाठलं. आप्पा जमिनीवर वाकून काम करत होते. तुकडे पुन्हा कापडावर चिकटवलेले होते, आणि मोराच्या आकाराच्या भोकात नवा कागद बसवून ते त्यात रेघा भरत होते. माझ्या कागदावर त्यांनी पट्टी ठेवली, दोन ठिकाणी मोजलं.

"ह्याच्यावर काठ वाकडा जाईल," ते शांतपणे म्हणाले. "ठेव तिथं."

माफी मागायची म्हणून गेलो होतो. "येतो" एवढंच म्हणून बाहेर पडलो.

पालखी उचगावला गेली. लोकांनी मोराचं कौतुक केलं. अण्णा पुढं कितीतरी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तो माझा मोर म्हणून सांगायचे. मी त्यांना एकदाही थांबवलं नाही.